बोलावलं की जाणारा माणूस

मार्गशीर्षातल्या सकाळी वैनगंगेवरून उठलेले धुके धानाच्या कापलेल्या बांध्यांवर येऊन थबकत असे, आणि त्या धुक्याच्या ऐन मध्यात, दोन पायांमध्ये हातभर अंतर ठेवून, मोठेबाबा उभे असत. जमीन स्थिर असते, या गोष्टीवर त्यांच्या पायांचा विश्वास कधी पुरता बसलाच नाही. बाकीची माणसे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नुसती उभी राहतात. मोठेबाबा तो धुरा पायांनी दाबून धरल्यासारखे उभे राहत. त्यांचा चेहरा आधी वाऱ्याकडे वळे आणि मग माणसाकडे. कुणी हाक मारली तर ओ देण्यापूर्वी ते क्षणभर थांबत, ती हाक कोणत्या दिशेने आणि किती अंतरावरून आली याची नोंद आधी व्हायला हवी, अशा थाटात. धुके विरू लागले की कोवळे ऊन त्यांच्या उंच, काळ्याभोर देहावर हळूहळू वरून खाली उतरत येई, आणि मला वाटे, सकाळ आमच्या शेतात पहिल्यांदा याच माणसाला भेटते, मग धानाला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सुखदेव भैसारे. सावली या तालुक्याच्या गावापुढे, वैनगंगेच्या अगदी अंगावर आमचे गाव. पलीकडचा काठ गडचिरोलीचा. समुद्र इथून इतका दूर की त्याच्यावरून एखादी म्हणसुद्धा आमच्या झाडीपट्टीत तयार झालेली नाही. आम्हांला पाणी ठाऊक ते तलावाचे आणि बांधीतले, म्हणजे धानाच्या खाचरातले, आणि आषाढापासून पुढे नदीचे. अशा गावातून निघालेला माणूस नौदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट कमांडरच्या हुद्द्यापर्यंत पोचला, आणि निवृत्तीनंतर मुंबईच्या सोयी नाकारून पुन्हा याच धुऱ्यावर येऊन उभा राहिला. त्याच्याविषयी लिहिताना माझा आवाज थोडा उंचावला, तर तो दोष मी आनंदाने पत्करते.

त्यांच्या लहानपणी नदी ओलांडायला एकाच लाकडातून कोरलेला डोंगा होता. तो चालवणाऱ्या ढिवराचे नाव आत्माराम. गावातल्या इतरांनी आधी पार व्हायचे आणि आमच्या मोहल्ल्यातल्या माणसांनी काठावर थांबून शेवटच्या खेपेला बसायचे, असा न लिहिलेला नियम होता. त्या थांबण्याच्या तासांत मोठेबाबांनी नदी वाचायला शिकून घेतले. भोवरा कुठे पडतो, वाळूचा दांडा कुठे सरकला, वाऱ्याने उठलेली लाट कोणती आणि तळाच्या दगडाने उठवलेली कोणती, हे ते काठावर उकिडवे बसून पाहत राहत. लोकांची पाठ वळली की आत्माराम त्यांच्या हातात बांबू देई आणि म्हणे, "वरचं पानी कुठी जाते ते नोको पाहू, बापू. खालचं कुठी ओढते ते पाह्य."

छपन्न साली आजोबा नागपूरहून पांढऱ्या कपड्यांत परतले. त्यानंतर पहिल्यांदा नदीवर गेले तेव्हा ते काठावर थांबले नाहीत. मुलाचा हात धरून सरळ पहिल्या खेपेत जाऊन बसले. बसलेल्यांपैकी काहीजण उठून उतरले. आत्माराम उतरला नाही. त्याने एकवार त्या बापलेकांकडे पाहिले, बांबू वाळूत रोवला आणि डोंगा पाण्यात लोटला. मोठेबाबा म्हणत की, पुढे आपण पृथ्वीवरच्या पुष्कळ बंदरांतून निघालो, पण ते निघणे वेगळेच होते.

चांद्याच्या वसतिगृहात राहून ते मॅट्रिक झाले तेव्हा एका शिक्षकांनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून त्यांना दिली. व्यापारी जहाजांवर शिकाऊ अधिकारी हवे होते. मुंबईच्या मुलाखतीत त्यांना विचारण्यात आले, समुद्र कधी पाहिला होता? ते म्हणाले, "आज सकाळी." समोरची तिन्ही माणसे हसली. मग एकाने पाण्याविषयी काही प्रश्न विचारले, त्यांनी वैनगंगेच्या आधाराने उत्तरे दिली, आणि ते हसू थांबले. सात वर्षांत ते जहाजावरचे सेकंड ऑफिसर झाले. आणि त्याच सुमारास त्यांनी नौदलाच्या राखीव दलात नाव नोंदवले.

राखीव दल म्हणजे काय, हे गावात समजावून सांगताना त्यांना मोठे कष्ट पडत. शांततेच्या काळात हा माणूस गव्हाची आणि खनिजाची जहाजे चालवणार. वर्षातून काही आठवडे नौदलात जाऊन तोफा, संकेत आणि पाण्यातले सुरुंग शिकणार. आणि देशावर वेळ आली की हातातले काम तिथेच टाकून निघणार. त्यांच्या गणवेशाच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यासुद्धा नेहमीच्या अधिकाऱ्यांसारख्या सरळ नव्हत्या. त्या वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या होत्या, आणि आजी त्यांवरून बोट फिरवून म्हणे की, हे कोण्या बाईनंच विणलं असन. 

पण आमच्या भागात राखीव हा शब्द दोनच ठिकाणी ऐकू येई. एक राखीव जंगल, जिथे मोहफुले वेचायला गेले तरी गार्ड हटकायचा. आणि दुसरी राखीव जागा, जिचा विषय निघाला की समोरच्या माणसाचा आवाज अर्धा सूर बदलायचा. हा दुसरा अर्थ मोठेबाबांच्या आधीच नौदलात पोचलेला होता. पहिल्याच प्रशिक्षणाच्या वेळी, भोजनगृहात, चारचौघांदेखत एका मराठी अधिकाऱ्याने हसत हसत विचारले, "भैसारे, तुम्ही राखीवमधले ना? कुठल्या राखीवमधले?"

मोठेबाबांनी हातातला घास संपवला. मग शांतपणे म्हणाले, "युद्ध सुरू झालं की ज्यांना बोलावतात, त्या."

हे उत्तर त्यांनी आम्हांला बढाई म्हणून कधी सांगितले नाही. त्यांच्या एका सोबत्याने, आमच्याकडे पाहुणा आला असताना, ते जेवताना सांगितले. आणि माझे वडील ताटावरून उठून बाहेर गेले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

बोलावणे आले ते एकाहत्तर सालच्या कापणीत. मी सहा वर्षांची होते. खळ्यावर धानाची चुरणी चालली होती. बैल गोल फिरत होते, तणसाचा ओलसर, गोड वास हवेत भरून राहिला होता, आणि रजेवर आलेले मोठेबाबा बैलांमागे चालत होते. आठ महिन्यांपूर्वीच त्यांचे लग्न झाले होते. मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको कौसल्या, सुपाने धान उपणत होती. सायकलवरचा पोस्टमन धुऱ्यावर उतरला आणि त्याने तार पुढे केली. मोठेबाबांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि बैलांचा फेरा पुरा केला. मग दावे माझ्या वडिलांच्या हातात दिले.

"काय आलं जी?" मोठीमायने विचारले.

"बोलावणं आलं. उद्या निघतो."

मोठीमाय तेवीस वर्षांची होती, सावलीच्या शाळेत शिकवत होती आणि तोलूनमापून बोलायची. ती म्हणाली, "तुमी तं रिझर्व ना? मंग बाकीचे संपले काय?"

मोठेबाबा हसले. म्हणाले, "संपले नाई. कमी पडून राह्यले."

तिने सूप खाली ठेवले नाही. धान उपणतच राहिली. वाऱ्यावर कोंडा उडत राहिला आणि तिच्या पायांशी दाण्यांची रास वाढत गेली. दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर आजोबांनी बैलगाडी जुंपली. मूलच्या स्टेशनापर्यंत गाडी, तिथून छोटी रेल्वे, मग मोठी, मग समुद्र. गाडी वळणावरच्या मोहाखालून दिसेनाशी होईस्तोवर मोठीमाय दारात उभी होती, आणि मग घड्याळ बघून, पदर खोचून ती शाळेत गेली. त्या दिवशीच्या हजेरीपटावर तिची सही वेळेवर आहे, हे तिने मला पुढे कितीतरी वर्षांनी, थोड्या अभिमानाने सांगितले.

युद्ध तेरा दिवसांत संपले. रेडिओवर ती बातमी ऐकून गावाने गूळ वाटला, आणि आजी रोज संध्याकाळी रस्त्याकडे पाहू लागली. पण मोठेबाबांचे युद्ध तिथून सुरू झाले होते. पूर्वेकडच्या त्या नव्या देशाच्या बंदरात शिरण्याची वाट सुरुंगांनी पेरलेली होती. बाहेर धान्याची जहाजे नांगर टाकून उभी होती आणि आत भुकेलेली माणसे होती; दोहोंच्या मध्ये काही कोसांचे गढूळ पाणी होते, ज्यात कुठे काय दडले आहे हे कुणालाच नेमके माहीत नव्हते. ती वाट मोकळी करण्याच्या कामावर त्यांना धाडण्यात आले, एका लहान लाकडी बोटीचे प्रमुख म्हणून. नदीच्या मुखाचे ते पाणी बघताच आपल्याला घरी आल्यासारखे वाटले, असे ते म्हणत. एवढे दिवस आपण निळ्या पाण्यावर नोकरी केली. हे पाणी मात्र मातीच्या रंगाचे होते, आणि खालून ओढत होते.

त्या महिन्यांविषयी ते मला एकदाच बोलले. मी बी.ए.ला होते. चैत्रातली दुपार होती, तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, मोहाची फुले टपटपत होती आणि आम्ही दोघे ती गोळा करायला म्हणून येऊन नुसतेच बसलो होतो. मी विचारले, "मोठेबाबा, तुमाले भेव नाई लागला?"

"लागला ना," ते म्हणाले. "भेव लागला म्हनून तं जिता आहो."

मग त्यांनी सांगितले. दोन बोटी बरोबरीने चालत. दोघींच्या मध्ये पाण्याखालून एक लांब पोलादी दोर ओढला जाई, आणि तो दोर सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारी साखळी कापी. साखळी तुटली की सुरुंग वर येई, मग दुरून गोळी घालून तो फोडायचा. थॉमस नावाचा केरळी यंत्रज्ञ त्यांच्या बोटीवर होता. एका सकाळी जोडीदार बोटीचा पाणी उपसायचा पंप बंद पडला. तिच्यावर दुरुस्ती जाणणारा कुणी नव्हता. मोठेबाबांनी थॉमसला हुकूम दिला, तू तिकडे जा आणि पंप चालू करून ये. तो अवजारांची पिशवी घेऊन हसत गेला. दुपार व्हायच्या आत, दोर ओढता ओढता, त्या बोटीचा तळ सुरुंगाला लागला.

"आवाज नाई आला आधी," मोठेबाबा म्हणाले. "आधी पानी उभं झालं. झाडासारखं."

नियम असा की, अशा वेळी जागचे हलायचे नाही. भोवतीच्या पाण्यात दुसरे सुरुंग असणारच. मोठेबाबांनी कुऱ्हाडीने दोर तोडायला लावला, बोट तिथेच उभी केली आणि बोटीवरच्या माणसांना म्हणाले की, पुढे मी एकटा जातो, हुकूम कुणालाच देत नाही. लहान होडी पाण्यात सोडली. ती सोडताना दोन खलाशी न विचारता तिच्यात येऊन बसले. ओहोटीचे पाणी कुठून कुठे ओढते आहे हे बघत, वल्ही जवळजवळ न वाजवता, ते तिघे त्या न तपासलेल्या पाण्यातून गेले. जोडीदार बोट एका अंगावर कलून अजून तरंगत होती. तिच्यावरून आणि पाण्यातून, तीन खेपांत, त्यांनी सातजण जिवंत आणले. चौथ्या खेपेला निघेपर्यंत बोट बुडाली होती. दोघे तिच्यासोबत गेले, आणि त्यांत थॉमस होता.

या कामासाठी त्यांना प्रशस्तिपत्र मिळाले. ते त्यांनी घरी आणून ट्रंकेत ठेवले, कधी भिंतीवर लावले नाही. मात्र बंदराची वाट मोकळी होऊन पहिले धान्याचे जहाज आत गेले तेव्हा आपण डेकवर उभे राहून त्याला सलाम केला, हे सांगताना त्यांची पाठ त्या मोहाखालीही ताठ झाली. गावी परतण्याआधी ते केरळात गेले. नौदलाचे पत्र थॉमसच्या घरी केव्हाच पोचले होते. तरीही, ज्याने हुकूम दिला त्याने स्वतः जाऊन सांगितले पाहिजे, असे त्यांना वाटले.

थॉमसचे वडील मच्छीमार बोटींची इंजिने दुरुस्त करीत. कार्यशाळेच्या दारात, माशांच्या आणि डिझेलच्या वासात, त्यांनी या अनोळखी अधिकाऱ्याला खुर्ची दिली. मोठेबाबांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सारे सांगितले. हुकूम माझा होता, हेही सांगितले. म्हाताऱ्याने आपले तेलकट हात एकेक बोट करून फडक्याला पुसले. मग त्याने एकच प्रश्न विचारला. पंप चालू झाला होता का?

"झाला होता," मोठेबाबा म्हणाले. "तो चालू होता म्हणूनच बोट लवकर बुडाली नाही. तेवढ्यात सातजण निघाले."

म्हाताऱ्याने मान डोलावली, आत जाऊन बायकोला हाक मारली, आणि आपल्या भाषेत तिला काही सांगितले. मोठेबाबांना त्यातला एक शब्द कळला, तो म्हणजे पंप. ती माउली दाराचा खांब धरून खूप रडली, आणि मग तिने त्यांना जेवू घातले.

एवढे सांगून मोठेबाबा उठले. ओंजळभर मोहफुले माझ्या ओढणीत टाकून म्हणाले, "चाल बाई, मोठीमाय वाट पाहून राह्यली असन." त्यानंतर जेव्हा जेव्हा त्यांचे जहाज त्या किनाऱ्याला लागले, तेव्हा ते त्या कार्यशाळेत जाऊन आले. अखेरच्या वर्षांत म्हाताऱ्याची दृष्टी गेली होती. तो त्यांना पावलांवरून ओळखायचा.

पुढची तीस वर्षे शांततेची होती, आणि शांततेतला हा माणूस मला युद्धातल्या माणसापेक्षा कमी वाटला नाही. ते मोठ्या जहाजांचे कप्तान झाले. वर्षातले काही आठवडे वेणीच्या पट्ट्यांचा गणवेश चढवून नव्या अधिकाऱ्यांना उथळ, गढूळ पाणी कसे ओळखायचे ते शिकवू लागले. न आलेल्या बोलावण्यासाठी सज्ज राहणे, हे एक व्रत असते. त्याला साक्षी नसतो, टाळी नसते. पहाटेचा व्यायाम, इस्त्रीची घडी, कंपासाच्या काचेवरची धूळ पुसणे, हे सारे ते एखाद्या वंदनेसारखे नियमाने करत. वर्षभरात दोन-तीन महिने ते गावी असत. माझे वडील तोवर बल्लारपूरला नोकरीला लागले होते, मी ऊर्जानगरच्या शाळेत शिकवू लागले होते. पण उन्हाळ्यात आम्ही सगळे गावी जमत असू, कारण त्या दिवसांत मोठेबाबा तलावावर पोरींना पोहायला शिकवत. आधी फक्त आम्ही घरच्या मुली होतो. मग मोहल्ल्यातल्या आल्या, मग ढिवरटोलीतल्या, मग बाजारातल्या शिवणकाम करणाऱ्या रहीमभाईंच्या दोघी. "पान्याले भिऊ नोका," ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडत, "पन त्याच्यासंगं मस्करीबी करू नोका." त्यांचा तो आवाज तलावावरून सरकत समोरच्या सागवानावर आपटून परत येई, आणि आम्ही त्या दोन आवाजांच्या मधोमध हातपाय मारत असू.

निवृत्त झाल्यावर लोकांना वाटले, आता हे मुंबईला फ्लॅट घेतील. त्यांनी धानाच्या चार बांध्या घेतल्या. मोठीमायसुद्धा शाळेतून निवृत्त झाली होती. लग्नानंतर एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दोघे एका छपराखाली सलग बारा महिने राहिली, आणि त्या पहिल्या वर्षी दोघांची खूप भांडणे झाली, असे मोठीमाय हसून सांगते. ते घरातही चपला नेमक्या जागी, टाचा भिंतीकडे करून ठेवायला लावत. "हे जहाज होय काय?" ती विचारायची. ते म्हणायचे, "नाई. पन तू कप्तान होय."

ते सत्त्याहत्तर वर्षांचे असताना वैनगंगेला तो पूर आला. शाळा बंद होत्या, म्हणून मीही गावी होते. पाऊस थांबला होता, आभाळ धुतल्यासारखे निळे होते, आणि अशा लख्ख सकाळी, वरच्या धरणातून सोडलेले पाणी एकाएकी बांध्यांतून चढत आले. दहा वाजेपर्यंत गावाचे बेट झाले. उंच जोत्यावरच्या शाळेत आणि तिच्या गच्चीवर आम्ही साठेक माणसे होतो. बाया, लेकरे, शेळ्या, एक बाळंतीण. पाणी शाळेच्या पायऱ्या एकेक करून गिळत होते. गावातला ढिवरांचा एकुलता एक डोंगा वाहून गेला होता. तेवढ्यात बचाव पथकाची मोटारबोट आली. पाच तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, धीट आणि दमलेले. त्यांच्या नायकाने सांगितले की, समोर दिसणाऱ्या डांबरी रस्त्याकडे सरळ रेषेत नेतो, दहा मिनिटांचे अंतर आहे.

मोठेबाबा पायरीवर उभे होते, गुडघाभर पाण्यात. ते म्हणाले, "सरळ जाऊ नका. तिथे नाला आहे, पाणी खालून ओढतंय."

"आजोबा, तुम्ही आधी बसा बोटीत," नायक घाईने म्हणाला. "वेळ नाही."

मोठेबाबांनी शेजारी तरंगत आलेले एक लाकूड उचलले आणि पुढे फेकले. ते थोडा वेळ संथ वाहिले, मग नाल्याच्या रेषेवर पोचताच गर्रकन फिरले, उभे झाले आणि खाली गेले. ते पुन्हा वर आलेले आम्ही कुणीच पाहिले नाही. नायकाने त्यांच्याकडे वळून पाहिले. आता त्याचा आवाज निराळा होता.

"सर, मग कसं घ्यायचं?"

"तलावाच्या पाळीच्या आडोशाने. मोहाची रांग दिसते ना, तिच्या या अंगाला पाणी उथळ आणि निजलेलं आहे. मधे तारेची कुंपणं आहेत, तिथे इंजिन बंद करून बांबूने लोटायचं. मी पहिल्या खेपेला पुढे बसतो. वाट बघून घ्या."

पहिल्या खेपेला बाळंतीण आणि लेकरे गेली. मोठेबाबा बोटीच्या नाकाशी बसले होते, उजवा हात किंचित वर. तो हात डावीकडे कलला की बोट डावीकडे वळे, पालथा झाला की इंजिन थांबे. एक शब्द बोलावा लागला नाही. खेप पोचवून ते त्याच बोटीने परत आले आणि पुन्हा पायरीवर उभे राहिले. दुसरी खेप गेली, तिसरी गेली. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणे, भाऊ, आता तुमी बसा; आणि ते मान हलवत आणि आणखी कुणाला तरी हात देऊन आत बसवत. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आले होते. मोठीमाय गच्चीवरून पाहत होती. तिने त्यांना एकदाही हाक मारली नाही. सहावी आणि शेवटची खेप भरली, मी आणि मोठीमाय बसलो, सगळ्या शाळेतून फिरून कुणी राहिले नाही ना हे त्यांनी स्वतः पाहिले, आणि मग ते बोटीत चढले.

मोहाची रांग ओलांडून बोट मोकळ्या, शांत पाण्याला लागली तेव्हा नायकाने विचारले, "सर, तुम्ही कोण आहात?"

"नेव्हीतले आहेत ते," मोठीमाय म्हणाली.

मोठेबाबा ओल्या सदऱ्याचे टोक पिळत होते. त्यांनी मान वर न करता दुरुस्ती केली. "रिझर्व."

तीन वर्षांपूर्वी, माघात, ते गेले. दोन दिवसांचा ताप, आणि मग एका सकाळी श्वास संथ होत होत थांबला. त्रिशरण झाले, पंचशील झाले. पांढऱ्या कपड्यांतली माणसे अंगणात मावेनात. नदीच्या दोन्ही काठांवरून लोक आले होते. तलावात पोहायला शिकलेल्या मुली आपापल्या सासरांहून, कुणी नातवंडे घेऊन, आल्या होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या एका अधिकाऱ्याने मोठीमायला हळूच विचारले की, साहेबांच्या अस्थी समुद्रात सोडायच्या असतील तर आम्ही व्यवस्था करू.

तिने आधी त्याला बसायला सांगितले. मग म्हणाली, "समुद्राले खूप दिवस देल्ले जी त्याईले. युद्धाले देल्ले, जहाजाले देल्ले. मी कधी नाई म्हनलं नाई. आता इथीच राहू द्या."

अस्थी आम्ही त्यांच्या बांधीत पुरल्या. मोठीमायने स्वतः पहिली मूठ माती टाकली, आणि हात झटकून माझ्या खांद्याचा आधार घेतला. तिला म्हटले, माझ्यासोबत ऊर्जानगरला चल. ती आली नाही. "आधी गेले की परत येयाची काई तरी तारीख असे," एवढेच ती म्हणाली, आणि धुऱ्यावरून घराकडे चालू लागली. मी मागून पाहत राहिले. पाठ वाकली होती, पाऊल वाकले नव्हते.

दूर गेलेला माणूस जिवंत असतो तोवर त्याच्या नसण्याला पलीकडचा काठ असतो, आणि आपण दिवस मोजत त्या काठाकडे सरकत राहतो. तो काठ नाहीसा झाला की मोजणे थांबते. मग काळ पुढे वाहत नाही, आपल्या भोवती साचत जातो, ओसरलेल्या पुराने बांधीत मागे ठेवलेल्या गाळासारखा. आणि पुढच्या कार्तिकात त्याच गाळावर धान अधिक दाट, अधिक ताठ उभे राहते.